गाडी अ‍ॅव्हरेज का देत नव्हती

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या फूल उत्पादक संस्थेचे चेअरमन माननीय भिमाजीआप्पा, व्यासपीठावरचे सन्माननीय संचालक, सातपूरहून गॅरेज बंद ठेवून आलेले नाथा मिस्त्री, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते आमचे गेणूदादा, खुर्ची ठेवूनही वर बसायला नकार देऊन पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेल्या त्यांच्या पत्नी लंकाबाई, आणि सकाळची तोडणी उरकून हाताला झेंडूचा वास घेऊनच इथे आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना संस्थेची सचिव या नात्याने प्रतिभाचा नमस्कार.

मी बोलायला उभी राहिले की आप्पा मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात. आज ठेवलेलं नाही. मी त्याचा पुरेपूर फायदा घेणार आहे.

गेणूदादांची ओळख मखमलाबादच्या बाजूला कोणाला करून द्यायची? पण आज काही पाहुणे बाहेरचे आहेत, म्हणून सांगते. संस्थेने पिकअप घेतली त्या दिवसापासून तिचं स्टिअरिंग गेणूदादांच्या हातात होतं. पहाटे चार गावांच्या बांधावरून फुलांचे क्रेट उचलायचे आणि उजाडता उजाडता नाशिकच्या फुलबाजारात नेऊन टाकायचे, हे त्यांचं काम. कांदा दोन दिवस थांबतो, बटाटा महिनाभर थांबतो. फूल थांबत नाही. बाजाराला तासभर उशीर झाला तर शेवंती गुरांपुढे टाकायची वेळ येते, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत गेणूदादांमुळे कोणाची शेवंती गुरांपुढे गेली असेल तर त्याने हात वर करावा. नाही ना? मला माहीत होतं.

आणि त्यांचा नियम तुम्ही सगळ्यांनी सोसलेला आहे. गाडी म्हणजे लक्ष्मी, त्यामुळे केबिनमध्ये चप्पल चालायची नाही. चप्पल हातात घ्यायची, सीटखाली सारायची आणि अनवाणी बसायचं. ते स्वतः तर थंडीतही अनवाणीच गाडी चालवायचे. एकदा बँकेचे साहेब शेतं बघायला आले, त्यांनाही दादांनी बूट काढायला लावले. साहेबांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. साहेबांनी सगळा रस्ता एका पायावर दुसरा पाय ठेवून काढला. कर्ज मात्र मंजूर झालं, तेव्हा नियमाने कोणाचं वाईट केलं नाही असंच मी इतके दिवस म्हणत होते. आता तसं म्हणवत नाही.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. गाडी अ‍ॅव्हरेज देईना. लिटरला चौदा देणारी गाडी बारावर आली, मग अकरावर, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला नऊवर येऊन बसली. जुनी गाडी म्हटलं की थोडंफार व्हायचंच, पण नऊ म्हणजे फारच झालं. आप्पांनी गाडी नाथा मिस्त्रींकडे धाडली. नाथाभाऊंनी एअर फिल्टर काढला. तो आपल्या बांधावरच्या धुळीने इतका भरला होता की त्यात झेंडू लावता आला असता. फिल्टर बदलला. टायरची हवा कमी होती, ती नीट केली. डिझेल फिल्टर बदलला, नोझल साफ करून घेतले. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, आता देईल. आणि प्रत्येक वेळी गाडी दोन दिवस बरी वागायची आणि पुन्हा नऊवर यायची.

मग नाथाभाऊंच्या लक्षात आलं की चाकं तापतात. गाडी बाजारातून परत आली की चाकाजवळ हात नेला तरी झळ लागायची. ब्रेकचे लायनर काढून बघितले तर वेळेच्या कितीतरी आधी झिजलेले. ब्रेक जाम होत असणार, म्हणजे पाय काढला तरी पकड सुटत नसणार, असा त्यांनी अंदाज बांधला. लायनर नवे टाकले, ब्रेकचं सगळं काम केलं. पावसाळा लागेपर्यंत नवे लायनरही गेले.

तेव्हा त्यांनी शेवटची परीक्षा घेतली. टाकी काठोकाठ भरली, गाडी स्वतः चालवत पेठच्या घाटापर्यंत नेली, परत आणली आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरली. आमच्यातला एकजण म्हणाला, रिकामी गाडी देणारच की अ‍ॅव्हरेज. म्हणून दुसऱ्या दिवशी क्रेट भरून नेली. दोन्ही दिवस गाडीने चौदा दिलं. चाकं गार होती.

आता मला सांगा, मंडळी, यावरून तुम्ही काय समजला असता? मिस्त्री चालवतो तेव्हा गाडी चौदा देते, गेणू चालवतो तेव्हा नऊ. गाडी तीच, ओझं तेवढंच, डिझेल एकाच पंपावरचं. मग मधलं डिझेल जातं कुठे? शाळेतल्या पोरालाही गणित सुटलं असतं. आमच्या मंडळाने ते सोडवलं आणि सगळ्यांचं एकच उत्तर आलं. गेणू डिझेल विकतो.

नाथाभाऊंनी त्या दिवशी एक वाक्य बोलून ठेवलं होतं. "आप्पा, गाडीत खोट नाही. ड्रायव्हरचा पाय जड झालाय." आता ड्रायव्हर लोकांच्या भाषेत पाय जड म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. गाडी दामटतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडत नाही. सगळ्यांनी तोच अर्थ घेतला, आणि दामटणारा माणूस बाजारात लवकर कसा पोहोचत नाही, हे कोणी विचारलं नाही. काहींना वाटलं की मिस्त्री भला माणूस आहे, चोर म्हणायला नको म्हणून असं आडून बोलला. नाथाभाऊ, मान खाली घालू नका. तुम्ही बोललात ते अक्षरशः खरं होतं, हे तुम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं.

मीटिंग बोलावली. आप्पांनी विचारलं, "गेणू, तूच सांग. डिझेल जातं कुठं?"

जो माणूस एक क्रेट जास्त चढवला म्हणून सबंध गावाशी भांडायचा, तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "गाडी जुनी झाली, आप्पा." एवढंच. आप्पा म्हणाले, खाई त्याला खवखवे. दादांना ऐकू जाईल असं म्हणाले. त्यावरही दादा काही बोलले नाहीत. तेव्हा ज्यांच्या मनात थोडी शंका होती त्यांचीही गेली.

मला त्या दिवशी एक गोष्ट खटकली होती, ती मी आज बोलून टाकते. गेणूदादांनी गाडीला कधी नावं ठेवलेली मी ऐकली नव्हती. घाटात बंद पडली तरी ते म्हणायचे, दमली बिचारी. आणि त्या दिवशी ते सगळ्यांसमोर तिच्यावर आळ घेत होते.

पुरावा हवा होता. मी रोज माझी शेवंती घेऊन बाजारात जायचे, ती टेम्पोने न नेता पिकअपमधून न्यावी आणि केबिनमध्ये बसून लक्ष ठेवावं, असं मला सांगण्यात आलं. गाडी कुठे थांबते, कॅन कोण आणतो, ते बघायचं. मला ते काम आवडलं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर दुसरा कोणी बसला असता, आणि त्याला जे बघायचं होतं तेच त्याने बघितलं असतं. म्हणून मी चप्पल सीटखाली सारली आणि बसले.

गाडी कुठेही थांबली नाही. कोणी कॅन आणला नाही. पेठ नाक्याला सिग्नल लागला तेव्हा एक मोटारसायकलवाला खिडकीपाशी आला. कंपनीच्या गणवेशातला, रात्रपाळी करून सातपूरहून घरी निघालेला असावा. काचेवर टकटक करून म्हणाला, "ताई, तुमच्या गाडीचा ब्रेक लाइट बंदच होत नाही. मघापासून मागे आहे मी. तुम्ही थांबताय का चाललाय, काही कळत नाही." आणि सिग्नल सुटला तसा निघून गेला. तो कोण होता ते मला माहीत नाही. त्याचा आज सत्कार करायला हवा होता.

मला वाटलं, वायर खराब झाली असेल, नाथाभाऊंना आणखी एक काम. म्हणून मी सहज खाली बघितलं. दादांचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता, पण अर्धाच. उरलेला अर्धा ब्रेकच्या पेडलवर टेकलेला होता. गाडी पळवायची आणि तिलाच धरून ठेवायचं, दोन्ही एकाच पायाने चाललं होतं. त्यात डिझेल जळेल नाही तर काय होईल?

मी म्हटलं, "दादा, तुमचा पाय ब्रेकवर आहे."

ते म्हणाले, "नाय." आणि मग त्यांनी खाली वाकून बघितलं.

मंडळी, मला त्या क्षणाचं सांगायचं आहे, आणि ते मला नीट सांगता येत नाही. आपला पाय कुठे आहे हे माणसाला वाकून बघावं लागतं का? तुम्ही आत्ता खुर्चीत बसला आहात, तुमचे पाय कुठे आहेत हे तुम्हाला न बघता कळतंय. गेणूदादांना ते कळत नव्हतं. त्यांनी बघितलं, पाय सरकवला आणि पुन्हा रस्त्याकडे नजर वळवली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा खाली बघितलं. मग मला भीती वाटली. मी म्हटलं, गाडी बाजूला घ्या.

त्यांनी घेतली. इंजिन चालूच होतं. मग म्हणाले, "ताई, पाय हाय. पन कुठं हाय ते मला सांगत नाय."

मी विचारलं, कधीपासून?

"झेंडूच्या सीझनपासून. आधी मुंग्या यायच्या. मग त्या बी गेल्या."

मी चिडले. म्हटलं, दादा, सगळं गाव तुम्हाला चोर म्हणतंय. मीटिंगमध्ये एक शब्द बोलला असता तर?

ते जे म्हणाले ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते खोटं वाटेल. "म्हनू द्या ना. चोरी केलीच नाय तर सापडंल कशी? अन् सापडली नाय तर काढतील कसे? दोन शिव्या देतील, चार महिनं तोंड फिरवतील, पन गाडी चालवू देतील. पाय गेला म्हनलं तर त्याच दिवशी चावी घेतील."

चोर म्हणवून घ्यायला ते तयार होते. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव त्यांनी मुकाट्याने जाऊ दिलं, ते या पिकअपच्या सीटवर बसता यावं म्हणून. घरी दोन मुलगे कमावते आहेत, दोघांनी मिळून त्यांना बस म्हणून सांगितलेलं आहे. पोटाचा प्रश्न नव्हता. मग कशाचा होता, हे मी विचारलं नाही. इथे बसलेल्यांपैकी ज्याला ज्याला पहाटे उठल्यावर हातात घ्यायला आपलं असं काहीतरी लागतं, त्याला ते समजेल.

"तुमी एवढं पोटात ठेवा, ताई," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही ठेवता येणार. परतीच्या वेळी शाळा भरायची वेळ असते आणि पोरं रस्ता ओलांडत असतात. उद्या पाय ब्रेकवर हवा असेल तेव्हा तो कुठे असेल, दादा? त्यांनी माझ्या बाजूच्या दाराकडे हात केला. मग म्हणाले, "मंग उतरा हितंच."

मी उतरले नाही. मागे चार गावांची फुलं होती, बाजार अगदी समोर आला होता आणि मला गाडी चालवता येत नाही. उरलेला रस्ता आम्ही गाडी हळूहळू नेली. ते रस्त्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या पायाकडे. पाय ब्रेकवर जायला लागला की मी म्हणायचे, "पाय." ते पाय सरकवायचे. फुलबाजार येईपर्यंत आमच्यात तेवढा एकच शब्द बोलला गेला. दादांनी चालवलेली ती शेवटची खेप. त्या दिवशीही फुलं वेळेवर पोहोचली.

परत येताना गाडी दुसऱ्याने आणली. मी दुपारी आप्पांना सांगितलं. आप्पा उठले ते तडक गेणूदादांच्या घरी गेले आणि दारातच म्हणाले, "गेणू, चुकलं आमचं." दादा म्हणाले, "चुकलं नाय आप्पा, डिझेल जातच व्हतं." आप्पांना मी कडक माणूस म्हणून ओळखते. ते त्या ओट्यावर बसून रडले. आप्पा, मी हे सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून रागवू नका. तुम्ही आळ घेतलात हे गावाला माहीत आहे, मग तुम्ही रडलात हेही माहीत असू द्या.

लंकाबाई मला चुलीपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मला ठाव व्हतं गं ताई. एक चप्पल चिंचेखाली पडलेली अन् ह्ये घरात आलेले. मी म्हनलं, चप्पल कुठं हाय? तर म्हने पायात हाय. मी हसले. मला वाटलं, म्हातारपन." लंकाबाई आजही त्या हसण्याचं मनाला लावून घेतात. मी त्यांना म्हटलं, तुम्ही एकदा हसलात, आम्ही तर सबंध मंडळाने त्यांना चोर ठरवायचा ठराव तेवढा बाकी ठेवला होता.

दवाखान्यात नेलं. साखर वाढलेली होती, किती दिवसांपासून कोणास ठाऊक. तळपायाला एक भाजल्याची जखम होती. पिकअपचा तळाचा पत्रा इंजिनच्या बाजूला तापतो, मॅट फाटलेली, पाय अनवाणी, आणि चटका लागलेला त्यांना कळलाच नाही. ती चिघळली आणि पायाचा अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याच्या आधी आणलं असतं तर अंगठा वाचला असता. पावसाळ्याच्या आधी आम्ही काय करत होतो? नोझल साफ करत होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, ते यालाच. गाडीचा एकही भाग उघडून बघायचा आम्ही ठेवला नाही. चालवणाऱ्याला मात्र कोणी विचारलं नाही की बाबा, तुला काही होतंय का.

आता नवा ड्रायव्हर आला आहे. चांगला मुलगा आहे, तोही चप्पल सीटखाली सारतो. त्याच्या हाती आल्यावर गाडीने आठवड्याभरात अ‍ॅव्हरेज दिलं. मासिक सभेत आप्पांनी ते सांगितलं तेव्हा नेहमीप्रमाणे टाळ्या वाजल्या नाहीत. गेणूदादा मागे काठी घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "किती देती?" कोणीतरी म्हणालं, चौदा. तेव्हा ते म्हणाले, "देनारच. गाडी चांगली हाय." त्या सभेत ते एवढंच बोलले. मला वाटतं, पिकअपवर घेतलेला आळ त्यांनी तेव्हा परत घेतला. मी त्या दिवशी सभेचं कामकाज पुरं लिहू शकले नाही.

माझ्याशी ते अजून बोललेले नाहीत. त्याला त्यांची कारणं आहेत आणि ती मला मान्य आहेत. पोरं शाळेतून सुखरूप घरी येताना बघते तेव्हा मला वाटतं, मी बरोबर केलं. पहाटे पिकअपचा आवाज येतो आणि त्यामागून दादांच्या दाराची कडी वाजते, ते अंगणात येऊन उभे राहतात, तेव्हा मला तसं वाटेनासं होतं. दोन्ही खरं आहे. मी त्यातलं एक निवडलं, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

माझं बोलणं लांबलं. या कार्यक्रमासाठी हॉल देणारे ग्रामस्थ, मांडव आणि चहा सांभाळणारे तरुण, हार गुंफून देणाऱ्या आमच्या भगिनी आणि कामं सोडून आलेले आपण सर्व, यांची संस्था ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर तो माझा दोष समजून पोटात घालावा. शाल आणि श्रीफळ आप्पांच्या हस्ते होईल. कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा मुद्दा आहे, तो मात्र कोणी घ्यायला तयार होईना, म्हणून तो माझ्याकडे आला. पिकअपची मूळ चावी अजून गेणूदादांकडे आहे. नवा ड्रायव्हर दुसऱ्या चावीवर गाडी चालवतो. नियमाप्रमाणे दोन्ही चाव्या संस्थेत जमा असायला हव्यात.

दादा, तुम्ही ज्या दिवसाला घाबरत होतात तो हाच. तुमच्या सदऱ्याच्या खिशावर तुमचा हात मघापासून आहे, तो मला दिसतो आहे. मी माझा हात पुढे केला आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा द्या. मंडळींना घरी जायचं असेल तर त्यांनी जावं. मी इथे उभी आहे.